दोऱ्याचे दुकान आणि हाताचे मोल

लग्नसराई तोंडावर आली, की बीड शहरातील सुभाष रोड असो वा अंबाजोगाई, परळी, माजलगावची बाजारपेठ असो, एका विशिष्ट प्रकारच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरत नाही. पाटीवर बहुधा 'जनरल स्टोअर्स' किंवा 'मॅचिंग सेंटर' असे काहीतरी लिहिलेले असते. पुढच्या काचेच्या कपाटात बांगड्या, टिकल्या, लेस, बटणे, मणी, कुंदन. आणि या साऱ्याच्या मागे, छताला भिडलेल्या फळ्यांवर, प्लास्टिकच्या पिशव्यांत दाबून भरलेले लोकरीचे आणि सुती दोऱ्याचे गुंडे. ज्यांना विणकामाशी कर्तव्य नाही, त्यांच्या लेखी ही बायकांची वेळ घालवण्याची जागा. क्रोशाचे वेड असलेल्या स्त्रीला मात्र हे दुकान, वाचणाऱ्याला ग्रंथालय असावे, तसे असते. एक पांढरा गुंडा घ्यायचा म्हणून ती पायरी चढते आणि उतरते तेव्हा पिशवीत चार रंग, एक नवी सुई आणि डोक्यात पुढच्या दोन महिन्यांचे काम असते.

या खरेदीला आपली एक रीत आहे. जाणकार स्त्री दुकानात शिरताना घरून दोऱ्याचा वीतभर तुकडा घेऊन येते. दुकानदार चार गुंडे काढून देतो. ती ते घेऊन दुकानाच्या दारात, उजेडात येते. ट्यूबलाइटखाली सारखे दिसणारे दोन रंग उन्हात भाऊ-भाऊ राहत नाहीत, हे तिला अनुभवाने ठाऊक असते. मग दोऱ्याला चिमटीत धरून पीळ पाहायचा, दोन बोटांत घोळवून तो उकलतो का ते बघायचे, ओल्या बोटाने घासून रंग सुटतो का ते तपासायचे. दुकान जुने आणि गिऱ्हाईक नेहमीचे असेल, तर हे सारे होईपर्यंत कोणी घाई करीत नाही.

आकड्यांचा घोळ

नवखीला पहिली अडचण येते ती आकड्यांची. सुती दोऱ्याच्या लेबलावर १०, २०, ४०, ६० असे क्रमांक असतात. आकडा मोठा म्हणजे दोरा जाड, असा साहजिक समज होतो आणि नेमका तोच चुकतो. सूत मोजण्याच्या जुन्या इंग्रजी पद्धतीत एक पौंड वजनाच्या सुतात ८४० वारांच्या किती लडी बसतात, यावरून सुताचा क्रमांक ठरे. लडी जितक्या जास्त, तितके सूत बारीक. क्रोशाच्या दोऱ्याचे क्रमांक याच विचाराने चालतात. म्हणून १० क्रमांकाचा दोरा तोरणाला, टेबलक्लॉथला आणि शिकाऊ हाताला बरा. ६० क्रमांकाचा दोरा रुमालाच्या नाजूक काठासाठी, तोही चांगला उजेड आणि चांगली नजर असेल तर.

सुयांची गोष्ट याहून वाकडी. पोलादी बारीक सुयांवर पूर्वी जे क्रमांक असत, तेही उलटेच चालत: क्रमांक वाढला की सुई बारीक. आता बहुतेक सुयांवर मिलिमीटरमध्ये माप असते आणि तेथे आकडा वाढला की सुई जाड. जुन्या पुस्तकातील क्रमांक सांगून नवी सुई मागितली, की हाती भलतेच काही येते. यावर साधा उपाय म्हणजे माप मिलिमीटरमध्येच मागणे. बारीक सुती दोऱ्याला एक ते पावणेदोन मिलिमीटरची पोलादी सुई, नेहमीच्या चार पदरी लोकरीला तीन ते चार मिलिमीटरची, आणि हल्ली मिळणाऱ्या जाड दोऱ्यांना पाच-सहा मिलिमीटरच्या पुढची. सुईचे तोंड खरबरीत नाही ना, हे नखावर फिरवून पाहावे. तोंडाला खर असेल तर दोऱ्याचा एकेक पदर तुटत जातो आणि सगळा दोष दोऱ्याच्या माथी येतो. जुन्या पिढीतील बायका सायकलच्या चाकाची तार घासून सुई करीत. तिचे तोंड त्या दगडावर किती वेळ घोटीत असतील, याची कल्पना आज दहा-वीस रुपयांत सुई घेणाऱ्यांना यायची नाही.

टाक्यांच्या नावांत मात्र मराठीने आपली सोय फार छान करून घेतली आहे. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब, लांब खांब. विणलेल्या जाळीकडे पाहिले तर खरोखरच खांब उभे केल्यासारखे दिसतात, आणि ज्याला उंचीच नाही तो मुका. इंग्रजीत या बाबतीत दुफळी आहे. अमेरिकेतील पुस्तके ज्या टाक्याला 'सिंगल क्रोशे' म्हणतात, त्यालाच ब्रिटनमधील पुस्तके 'डबल क्रोशे' म्हणतात, आणि पुढची सारी नावे अशीच एकेक पायरीने सरकतात. मोबाइलवर नमुना पाहून विणायला बसलेल्या कित्येक मुलींचा रुमाल दुप्पट उंच होतो, त्याचे कारण हात नसून ही नावे असतात. मुका खांब म्हटले की बीडमध्ये आणि बेळगावात एकच टाका उभा राहतो.

आणखी एक गोष्ट लेबलावर बारीक अक्षरांत छापलेली असते, पण तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ती म्हणजे रंगाचा लॉट क्रमांक. दोरा घाण्या-घाण्यांनी रंगवला जातो. एकाच रंगाचा, एकाच कंपनीचा दोरा असला, तरी दोन घाण्यांत किंचित फरक राहतोच. सुटा गुंडा पाहून तो कळत नाही. विणलेल्या तुकड्यात मात्र पट्टा उमटतो आणि मग तो झाकता येत नाही. म्हणून मोठे काम हाती घ्यायचे तर दोरा एकदम घ्यावा, लॉट एकच आहे हे पाहून घ्यावा आणि अंदाजापेक्षा एक गुंडा अधिक घ्यावा. चांगल्या दुकानाची पारख येथेच होते. चांगला दुकानदार त्या लॉटचे उरलेले दोन गुंडे बाजूला काढून ठेवतो आणि न फोडलेला गुंडा परत घेतो. आंतरजालावरून दोरा मागवणाऱ्यांना पुष्कळ सवलती मिळतात, ही एक मिळत नाही.

लोकर, जी लोकर नाही

दुकानात 'लोकर' म्हणून जे विकले जाते, त्यात मेंढीचा केस बहुधा नसतो. ते असते अ‍ॅक्रिलिक: खनिज तेलापासून तयार होणाऱ्या रसायनाचा धागा. त्याचा मोठा व्यापार पंजाबातील लुधियान्याहून चालतो. गंमत अशी, की बीड जिल्ह्यात खरी लोकर आहे. बालाघाटाच्या माळांवर चरणाऱ्या दख्खनी मेंढ्यांची ही लोकर जाड, राठ आणि काळपट असते. धनगरांनी ती कातरावी, सनगरांनी तिची घोंगडी विणावी, ही जुनी रीत. ती घोंगडी पावसात छत्रीचे काम करते आणि थंडीत पांघरुणाचे. पण त्या लोकरीचे बाळाला टोपडे करता येत नाही, कारण ती टोचते. त्यामुळे ज्या जिल्ह्यात मेंढ्यांचे कळप रस्ता अडवून उभे असतात, त्याच जिल्ह्यात बाळाची कुंची लुधियान्याच्या कृत्रिम धाग्याची होते.

अ‍ॅक्रिलिक वाईट, असे नव्हे. ते स्वस्त असते, मऊ असते, धुतल्यावर आटत नाही, कसर लागत नाही, रंग भडक आणि टिकाऊ लागतात. तोरण, झालर, खेळणी, शाल यांना ते उत्तम. दोन बाबतींत मात्र सावध राहिले पाहिजे. एक म्हणजे उष्णता. अ‍ॅक्रिलिक इस्त्रीखाली चपटे होते आणि जास्त तापले की वितळते. गरम भांडे उतरवायची फडकी, तव्याच्या दांड्याचे आवरण, पातेल्याखालची चकती या वस्तू लोकरीच्या विणून रुखवतात मांडल्या जातात. शोभेपुरत्या असतील तर ठीक, वापरायच्या असतील तर त्या सुती दोऱ्याच्याच हव्यात. दुसरी बाब हवेची. बीडचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना मार्चनंतर बाळाच्या अंगावर लोकर का घालू नये, हे समजावून सांगावे लागत नाही. झबल्याला, टोपड्याला सुती दोरा, डिसेंबर-जानेवारीपुरती लोकर.

कापूस आपला, दोरा परका

सुती दोऱ्याचा विचार करताना बीडच्या वाचकाला एक गोष्ट खटकल्यावाचून राहणार नाही. हा कापसाचा जिल्हा. गेवराई, माजलगाव, वडवणी, धारूर या भागांत दिवाळीच्या सुमारास शेते पांढरी होतात. शंभर किलो कापसातून सरकी वेगळी केली, की साधारण ३३ ते ३५ किलो रुई हाती येते. तिच्या १७० किलोच्या गाठी बांधल्या जातात आणि गाठी ट्रकवर चढतात. जिनिंगपर्यंतचा प्रवास येथला. पुढचे सूत काढणे, पदर घालून पीळ देणे, चमक आणणे, रंगवणे, गुंडे गुंडाळणे हे बहुतांशी दुसरीकडचे, विशेषतः तमिळनाडू आणि पंजाबचे. तोच कापूस, निदान त्याचे भावंड, वर्ष-सहा महिन्यांनी पारदर्शक पिशवीत बसून सुभाष रोडच्या फळीवर येतो.

हिशेब करून पाहण्यासारखा आहे. शंभर ग्रॅम सुती दोऱ्याला, सरकी आणि कताईतील घट धरता, सुमारे ३५० ग्रॅम कापूस लागतो. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा आधारभूत दर क्विंटलला ८,११० रुपये होता. त्या दराने हा कापूस साधारण २८ रुपयांचा झाला. दुकानात शंभर ग्रॅम क्रोशाच्या दोऱ्याला काय पडते, ते विणणारीला तोंडपाठ असते. मधला फरक सगळा नफाच असतो, असे कोणी म्हणणार नाही. यंत्रे, वीज, मजुरी, रंग, वाहतूक, दुकानाचे भाडे हे सारे त्यात आहे. तरीपण कापूस वेचणारी आणि रुमाल विणणारी या एकाच गावातील दोघी साखळीच्या दोन टोकांना असतात आणि दोन्ही टोकांना सर्वांत कमी पैसे पोहोचतात, हे नाकारता येत नाही.

दोऱ्याला जी रेशमी चमक असते, तिचीही एक कथा आहे. इंग्लंडमधील लँकेशायरच्या जॉन मर्सर या कापड-रसायनज्ञाला १८४४ मध्ये असे आढळले, की सुती कापड कॉस्टिक सोड्याच्या तीव्र द्रावणात बुडवले, तर तंतू फुगून गोल होतात, कापड मजबूत होते आणि रंग अधिक शोषते. १८५० मध्ये त्याने पेटंट घेतले. पण कापड आटते म्हणून गिरणीवाल्यांनी फारसे मनावर घेतले नाही. पुढे १८९० मध्ये होरेस लो याने हीच क्रिया सूत ताणून धरून केली, तेव्हा आटणे थांबले आणि वर चमकही आली. लेबलावर 'मर्सराइज्ड' असे लिहिलेले असते ते या मर्सरमुळे. तोरणाला, रुमालाला, देव्हाऱ्यातील आसनाला हाच दोरा घ्यावा, खांब स्वच्छ उठून दिसतात. तान्ह्या बाळाच्या कपड्यांना मात्र चमक नसलेला साधा सुती दोरा अधिक मऊ पडतो.

गोदावरीच्या दुसऱ्या टोकाला

क्रोशा हा आपल्याकडे आजीपासून चालत आला म्हणून तो प्राचीन वाटतो. वस्तुतः या कलेचे वय फार नाही. 'क्रोशे' हा शब्द फ्रेंच, अर्थ लहानसा आकडा. 'पेनेलोपे' या डच नियतकालिकाने १८२३ मध्ये क्रोशाचे नमुने छापले. त्यापूर्वी ताणलेल्या कापडावर आकड्याच्या सुईने साखळी टाका घालण्याची कला आशियात होतीच. आपल्याकडचे आरीकाम ते हेच. खालचे कापड काढून टाकून ती साखळी हवेतच विणली, तर क्रोशा होतो, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे.

या कलेला जगभर नेले ते एका दुष्काळाने. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक सलग सडत गेले, लाखो माणसे अन्नावाचून मेली, लाखोंनी देश सोडला. त्या काळात मठांतील जोगिणींनी आणि सधन घरांतील बायकांनी गावोगावच्या मुलींना क्रोशा शिकवला. विणलेली जाळी लंडन-पॅरिसच्या बाजारात गेली आणि अनेक घरांची चूल त्यावर पेटली. आपल्याकडे १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातील बायकांच्या हातात हातोडी आली आणि त्यांनी रस्त्यासाठी खडी फोडली. दुष्काळी कामात बायकांच्या हाती काय द्यायचे, याची उत्तरे प्रत्येक देशाने आपापल्या रीतीने दिलेली आहेत.

भारतात या कलेचे सर्वांत मोठे केंद्र बीडपासून लांब असले, तरी त्याच नदीवर आहे. जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून, गेवराई-माजलगावला स्पर्श करून जाणारी गोदावरी जेथे समुद्राला मिळते, त्या मुखाजवळ आंध्र प्रदेशात नरसापूर आहे. १८४४ च्या सुमारास एका स्कॉटिश मिशनरी दांपत्याने तेथील स्त्रियांना हे काम शिकवले आणि पुढे त्याचा निर्यातीचा मोठा धंदा झाला. २०२४ मध्ये नरसापूरच्या क्रोशाच्या जाळीला भौगोलिक निर्देशांक मिळाला.

पण या नरसापूरची दुसरी बाजू अधिक लक्षात ठेवण्यासारखी आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी तेथील विणणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास करून १८९६ किंवा १९४६ नव्हे, तर अगदी अलीकडे, १९८२ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. घरकाम उरकून या बायका दिवसाचे सहा ते आठ तास विणीत. त्यांची जाळी परदेशी जाई, व्यापारी आणि निर्यातदार श्रीमंत होत. तरीही या स्त्रियांना कोणी कामगार म्हणत नसे. त्या 'गृहिणी' होत्या आणि त्यांचे विणणे हे 'फावल्या वेळचे काम' होते. एकदा काम फावल्या वेळचे ठरले, की मजुरी किती द्यायची हा प्रश्नच उरत नाही, जे हाती पडेल ते वरकड. मीस यांचा हा मुद्दा नरसापूरपुरता राहत नाही. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार घरातील विनामोबदला कामावर स्त्रिया दिवसाला सरासरी २८९ मिनिटे देतात, पुरुष ८८ मिनिटे. यातून उरतो तो तिचा 'फावला वेळ'.

यंत्राला न जमलेले

येथे एक तांत्रिक मुद्दा समजून घेतला पाहिजे, कारण किमतीचा सारा प्रश्न त्यावर उभा आहे. दोन सुयांचे विणकाम यंत्राने होते. बाजारातील बहुतेक स्वेटर यंत्रावरचेच असतात. क्रोशाचे तसे नाही. दोन सुयांच्या कामात टाक्यांची अख्खी ओळ सुईवर उघडी असते आणि यंत्र ती एका दमात पुढे सरकवते. क्रोशात प्रत्येक टाका तेथल्या तेथे पुरा करायचा, मग सुई आधीच्या विणीत हव्या त्या जागी खुपसून, दोरा ओढून पुढचा टाका उभा करायचा. कोठे खुपसायची, दोरा किती सैल ठेवायचा, हे हात आणि डोळे मिळून ठरवतात. याची हुबेहूब नक्कल करून बाजारासाठी माल काढणारे यंत्र आजवर कारखान्यांत आलेले नाही. त्याच दुकानात मीटरवर मिळणारी 'क्रोशाची लेस' यंत्रावरची असते खरी, पण ती विणीची वेगळी जात आहे, दिसायला तेवढी क्रोशासारखी. भिंगातून पाहिले, तर तिच्यात खांब सापडत नाही. नुसते वेटोळे दोरे एकमेकांत अडकवलेले दिसतात.

याचा अर्थ असा, की मोठ्या शहरातील झगमगीत दुकानात टांगलेला क्रोशाचा झगा असो, वा गावातील लग्नात मांडलेला रुमाल असो, त्यातील प्रत्येक टाका कोणीतरी हाताने घातलेला असतो. तो झगा अगदी स्वस्त मिळाला, तर कोणाच्या तरी तासांची किंमत त्यात धरलेली नाही, हे उघड आहे.

आता रुमालाचा हिशेब. समजा, मध्यम आकाराच्या टेबल-रुमालाला ३०० रुपयांचा दोरा लागला आणि रोज दोन तास याप्रमाणे वीस दिवस काम चालले. एकूण ४० तास. ओळखीतल्या कोणी तो ८०० रुपयांना घेतला. दोऱ्याचे पैसे वजा जाता ५०० रुपये उरले. ताशी साडेबारा रुपये. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीच्या अकुशल कामाचा दर दिवसाला ३१२ रुपये होता. आठ तासांचा दिवस धरला, तर ताशी ३९ रुपये. त्या दराने या रुमालाची मजुरी १,५६० रुपये आणि दोऱ्यासह किंमत १,८६० रुपये होते. म्हणजे मातीकामाला जो दर सरकारने किमान मानला, त्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी दराने हे कौशल्याचे काम विकले जाते. हा आकडा सांगितला, की गिऱ्हाईक दचकते. विणणारीही दचकते. "एवढे कोण देणार?" हा प्रश्न दोघींच्याही तोंडी एकदमच येतो.

रुखवत ते खेळणी

आजवर हा हिशेब कोणी मांडला नाही, याचे कारण क्रोशाची जागा बाजारात नव्हतीच, ती नात्यात होती. मुलीच्या रुखवतात तिच्या हातचे तोरण, ताटावरचे रुमाल, उशांचे अभ्रे असत. आलेल्या बायका ते उलटून मागची बाजू बघत, कारण गाठ कशी मारली आहे हे मागे कळते. लेकीच्या बाळंतविड्यात आजीने विणलेली झबली, टोपडी, कुंची, पायमोजे असत. त्याची किंमत विचारणे म्हणजे पुरणपोळीचे बिल मागण्यासारखे. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला साखळी शिकायची, आईजवळ खांब, आणि मावशीकडून अननसाचा नमुना. 'स्त्री' मासिकासारख्या अंकांतून आलेले विणकामाचे नमुने कापून वहीत चिकटवायचे. पेठेतल्या दुकानाला यांतल्या प्रत्येक प्रसंगाची तारीख ठाऊक असे. संक्रांतीच्या आधी वाणासाठी लहान बटवे, श्रावणात गौरी-गणपतीच्या झालरी, दिवाळीनंतर लोकर, फेब्रुवारीपासून रुखवत.

हे चक्र पुरते थांबलेले नाही, पण बदलले आहे. रुखवत तयार मिळते, भाड्यानेही मिळते. बाळंतविडा खोक्यात बांधून येतो. दुसरीकडे, २०२० च्या टाळेबंदीत घरी बसलेल्या तरुण मुलींनी मोबाइलवर पाहून सुई हातात धरली आणि त्यांना रुमालात रस नव्हता. त्यांना हवी होती अमिगुरुमी. जपानीत या शब्दाचा अर्थ विणून भरलेले खेळणे असा होतो. ससे, अस्वले, सूर्यफुले, कधी न सुकणारा गुलाबांचा गुच्छ. त्यासाठी मलईसारखा मऊ जाड दोरा, प्लास्टिकचे डोळे, आत भरायचा कृत्रिम कापूस लागतो आणि दुकानांच्या फळ्यांवर हळूहळू तेही दिसू लागले आहे. (खेळणे तीन वर्षांखालील मुलासाठी असेल, तर प्लास्टिकचे डोळे लावू नयेत. ते निघून घशात अडकतात. काळ्या दोऱ्याने डोळे भरावेत.) काही जुन्या दुकानदारांना ही मागणी पोरखेळ वाटते. वास्तविक अशी खेळणी एका दिवसात पुरी होतात, दोरा थोडा लागतो आणि किंमत आधी ठरवूनच विकली जातात. रुमालाला जो भाव कधी मिळाला नाही, तो सशाला मिळण्याची शक्यता अधिक आहे.

आंतरजालावरील दुकानांशी स्पर्धा करणे सुभाष रोडला जड जाते. तेथे रंग शेकडो, भाव थोडा कमी, माल घरपोच. बीड शहराला रेल्वे लाभली तीही सप्टेंबर २०२५ मध्ये. तोवर पुण्या-हैदराबादचा माल रस्त्यानेच यायचा आणि दुकानदाराला एका खेपेत बेताचेच रंग आणता यायचे. तरीही विणणाऱ्या बायका दुकानाकडे वळतात, त्याला कारण आहे. रंगाचा फोटो आणि रंग यांत अंतर असते. दोरा हातात धरल्यावाचून कळत नाही. शिवाय काउंटरवर उभ्या असलेल्या अनोळखी बाईच्या पिशवीतून डोकावणारा नमुना पाहून "हा कसा केला हो?" असे विचारता येते आणि ती तेथेच सुई काढून चार खांब घालून दाखवते. कित्येक तालुक्यांच्या गावी विणकामाचा वर्ग म्हणून जो काही आहे, तो एवढाच.

या दुकानांच्या आधाराने काही जणी आता कामाकडे कमाई म्हणून पाहू लागल्या आहेत. 'उमेद' या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातून बचत गटांना विक्रीची दारे उघडली. मुंबईतील महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनांत गावांतील हस्तकलेच्या वस्तू मांडल्या जातात. प्रदर्शनातील गिऱ्हाईक नात्यातले नसते, त्यामुळे तेथे भाव सांगताना जीभ अडखळत नाही. अडचण असते ती निराळी: दहा जणींनी विणलेले पन्नास रुमाल एका मापाचे हवेत. एकीचा हात घट्ट, दुसरीचा सैल. म्हणून गटाने काम घेताना दोरा एका लॉटचा, सुई एका मापाची घ्यावी आणि प्रत्येकीने आधी चार बोटे रुंद नमुना विणून तो एकमेकींशी ताडून पाहावा. ज्यांचा नमुना लहान येतो त्यांनी अर्धा मिलिमीटर जाड सुई घ्यावी, ज्यांचा मोठा येतो त्यांनी बारीक.

घरून काम घेणाऱ्यांसाठीही एक साधी रीत रूढ होऊ पाहते आहे. काम ठरले, की दोऱ्याचे पैसे आधी घ्यायचे. वहीत तारीख, लागलेले तास आणि उरलेला दोरा लिहायचा. पुढच्या वेळी कोणी भाव विचारला, तर वही उघडून दाखवायची. उरलेले, न फोडलेले गुंडे महिन्याभरात दुकानात परत द्यायचे, लेबल मात्र फाडायचे नाही; लॉटचा क्रमांक त्याच्यावरच असतो.